चेहऱ्यावरची पुटकुळी आणि दुकानातली ट्यूब



गेल्या लग्नसराईत आपल्या धर्मग्रामातील एका घरी मी रोसाला गेलो होतो. मांडवात गाणी चालली होती. वडीलधाऱ्या बायका ओळीने येऊन नवरीच्या कपाळाला व गालांना नारळाचा रस लावीत होत्या. तिसऱ्या की चौथ्या बाईचा हात गालाला लागला आणि मुलगी किंचाळली. सगळे हसले, नवरी लाजते आहे असे वाटले. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, गाल लालबुंद झाले, आणि शेवटी तिला आत नेऊन गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्या लागल्या. बाहेर गाणी थांबली ती थांबलीच.

नारळाच्या रसाने कोणाचा चेहरा भाजत नाही. त्या मुलीच्या चेहऱ्याची कातडीच कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. लग्नात चेहरा नितळ दिसावा म्हणून ती आठ महिने पुटकुळ्यांवर एक ट्यूब लावीत होती. ती ट्यूब कोणा डॉक्टरने दिली नव्हती. बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन, "पुटकुळ्यांवर काहीतरी द्या" म्हटल्यावर जे मिळाले ते तिने आणले. एक संपली की दुसरी. त्या मुलीने व तिच्या आईने लिहायला परवानगी दिली म्हणून हे लिहितो. नाव लिहीत नाही आणि कोणी विचारूही नये.

या प्रकरणात माझाही दोष आहे, तो आधी सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी हीच आई माझ्याकडे आली होती. मुलगी आरशासमोरून हलत नाही, कॉलेजला तोंड बांधून जाते, गायनमंडळात पुढे उभी राहात नाही, असे म्हणत होती. मी म्हणालो, "वयाच्या पुटकुळ्या आहेत बाई, वयाबरोबर जातील." मोठ्या शहाणपणाने म्हणालो. पुढे मुलगी गायनमंडळातून मागच्या बाकावर गेली, मग दुसऱ्या मिस्साला येऊ लागली, आणि माझ्या काही लक्षात आले नाही. मी त्या वेळी "डॉक्टरला दाखव" एवढे दोन शब्दांचे वाक्य म्हटले असते तर ती दुकानात गेली नसती. त्यानंतर आपल्या दवाखान्यातील सिस्टरांकडे बसून व एका त्वचारोगतज्ज्ञांना विचारून मी या विषयाची जी माहिती घेतली, ती आज आपल्यासमोर ठेवतो. मी डॉक्टर नाही. ट्यूब निवडून देण्यासाठी हे लिहिलेले नाही. कोणते औषध कशासाठी असते आणि कोणाच्या हातून घ्यावे, एवढे कळावे म्हणून लिहिले आहे.

पुटकुळी येते कशी, ते थोडक्यात. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी बारीक तैलग्रंथी असतात. मुले वयात आली की शरीरातील संप्रेरकांमुळे या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीतील मृत पेशी नीट गळून पडत नाहीत, तेलात मिसळून तोंडाशी बूच बसते. पाटाच्या तोंडाला गाळ अडकला की मागे पाणी तुंबते, तसे. तुंबलेल्या तेलात त्वचेवर एरवीही राहणारे जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. नाकावर व हनुवटीवर जे काळे ठिपके दिसतात ती धूळ नव्हे. बुचाचा वरचा भाग हवा लागून काळा झालेला असतो. तो घासून निघत नाही. दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने तोंड धुणे पुरे. गोणपाटाने भांडे घासावे तसा चेहरा घासणाऱ्यांच्या पुटकुळ्या वाढतात.

रक्त अशुद्ध झाले म्हणून पुटकुळ्या येतात, हे खरे नाही. उष्णतेने येतात असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. आंबे बंद करतात, सब्जाचे पाणी देतात. सब्जाने अपाय नाही, पण उपायही नाही. फार गोड व मैद्याचे खाणे कमी केल्याने काहींना थोडा गुण येतो, एवढेच खाण्याबद्दल सांगता येईल. आणि एक गोष्ट मला धर्मगुरू म्हणून स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण घरात ती कोणी बोलत नाही. मनात वाईट विचार येतात म्हणून चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात, असे आपल्या तरुण मुलांना कोणीतरी सांगून ठेवलेले असते. मित्र सांगतात, कधी काकाही चेष्टेने सांगतात. मुलगा मग चारचौघांत मान वर करीत नाही, आपले पाप तोंडावर लिहिले आहे असे त्याला वाटते. याला काडीचाही आधार नाही. ज्यांनी आयुष्यात मुंगी मारली नाही त्यांनाही पुटकुळ्या येतात, आणि ज्यांना येत नाहीत ते काही संत नव्हेत.

"आपोआप जातील" हे माझे वाक्य अर्धे खरे होते. बहुतेकांच्या पुटकुळ्या पुढे कमी होतात. पण ज्या मोठ्या, खोल, दुखणाऱ्या गाठी असतात त्या जाताना खड्डे ठेवून जातात. पुटकुळीवर औषध आहे. खड्डा पडल्यावर तो बुजवण्याचे काम खर्चाचे आणि अर्धवट यश देणारे आहे. म्हणून गाठी दिसू लागल्या, किंवा थोरल्या भावाच्या, बापाच्या चेहऱ्यावर खड्डे आहेत आणि आता धाकट्याला सुरुवात झाली आहे, तर वाट पाहू नये. खुरपणीची वेळ गेल्यावर तण उपटण्यात काय अर्थ असतो, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आता त्या ट्यूबविषयी. आपल्या भागातील दुकानांत पुटकुळ्या, वांग, काळे डाग, खाज, गजकर्ण या सगळ्यांवर मिळून जी मलमे सर्रास दिली जातात, त्यांतील अनेकांत स्टेरॉईड असते. ट्यूबवर बारीक अक्षरांत नाव असते: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. ही नावे लिहून ठेवा. ही औषधे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. इसब किंवा सोरायसिस असलेल्या माणसाला डॉक्टर ती ठरावीक दिवस, ठरावीक जागी देतात आणि त्यांचे काम होते. पुटकुळ्यांसाठी चेहऱ्यावर रोज लावण्याचे ते औषध नव्हे.

मग लोक ते का लावतात? कारण ते फसवे आहे. स्टेरॉईड सूज दाबते. लावल्यावर दोनतीन दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळ दिसतो, शेजारीण विचारते "काय लावतेस ग?" आणि ट्यूबचे नाव दुसऱ्या घरी पोहोचते. तुम्ही शेतकरी आहात, युरियाचे उदाहरण घ्या. युरिया ओतला की आठवड्यात भात काळाभोर हिरवा दिसतो, बांधावरून जाणारा थांबून बघतो. पुढे तेच पीक वाऱ्याने लोळते आणि कीड आधी त्यावर पडते. स्टेरॉईडचे तसेच आहे. महिने गेले की कातडी पातळ होते, खालच्या बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, आणि जिच्यावर औषध केले ती पुटकुळीच दुप्पट जोराने उठते. उन्हात गेले की आग, चुलीपुढे बसले की आग. मलम बंद केले तर चेहरा दोन दिवसांत भडकतो, म्हणून घाबरून परत लावायचे. दारूसारखेच हे. आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी या दशेला इंग्रजीत नावच दिले आहे, ज्याचा अर्थ "स्टेरॉईडच्या मलमाने बिघडलेला चेहरा".

हे एकट्या आपल्या गावाचे दुखणे नव्हे. २०११ साली देशातील १२ केंद्रांतून घेतलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले, त्यांत ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावीत होते. त्यांपैकी दर चौघांतील जवळजवळ एक पुटकुळ्यांसाठी लावीत होता. त्याहून थोडे जास्त लोक गोरे दिसण्यासाठी किंवा दाढीनंतर लावायचे क्रीम म्हणून. आणि निम्म्याहून अधिक जणांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेला लावायची स्टेरॉईड औषधे अनुसूची एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे नियमाला धरून नाही. त्यापूर्वी त्वचेच्या मलमांना त्यातून सूट होती. नियम झाला. आता बाजाराच्या दिवशी दुकानापुढे उभे राहून पाहा, किती जणांच्या हातात चिठ्ठी असते.

दुकानदाराला मी चोर म्हणत नाही. त्याच्याकडे गिऱ्हाईक येते ते घाईचे येते: "बुधवारी पाहुणे बघायला येणार आहेत, त्याआधी चेहरा साफ झाला पाहिजे." चार दिवसांत साफ करणारे एकच औषध त्याच्याकडे आहे. त्याने चिठ्ठी मागितली तर आपण शेजारच्या दुकानात जातो. तरीही माझे मत असे की त्याने चिठ्ठी मागावी, आणि आपण ती मागितल्याबद्दल त्याचे आभार मानावेत. उसाच्या फवारणीला कोणते औषध आणायचे ते कृषी अधिकाऱ्याला विचारूनच आणणारे आपण, लेकीच्या गालाला लावायचे औषध मात्र दुकानातल्या पोरग्याला विचारून आणतो.

या मलमांत एक तिहेरी मिश्रण फार खपते: डाग उजळवणारे हायड्रोक्विनोन, त्वचा सोलणारे ट्रेटिनॉइन आणि तिसरे स्टेरॉईड. अशा मिश्रणाचा मूळ नमुना अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७५ साली मांडला होता. तो वांगासारख्या डागांसाठी होता. पुटकुळ्यांवर ट्रेटिनॉइन लागू पडते हे दाखवणाऱ्यांतही हेच क्लिगमन होते, १९६९ साली. आज पुटकुळ्यांवरच्या उपचाराचा पाया त्या शोधावर उभा आहे. जाता जाता हेही सांगतो, की याच डॉक्टरांनी होम्सबर्गच्या तुरुंगातील कैद्यांच्या पाठीवर व हातांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. ते १९७४ साली थांबले. त्यांतील बहुतेक कैदी काळे होते, पैशासाठी तयार झालेले होते, आणि आपल्यावर काय केले जाते हे त्यांना पुरते सांगितले गेले नव्हते. औषध चांगले आहे म्हणून ती गोष्ट झाकू नये, आणि ती गोष्ट घडली म्हणून औषध टाकूही नये. माझ्या मनात दोन्ही शेजारीशेजारी राहतात.

तर योग्य औषधे कोणती? साध्या व मध्यम पुटकुळ्यांवर पहिली दोन: बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अॅडापलीन.

बेन्झॉइल पेरॉक्साइडने जंतू मरतात व बूच थोडे सैल होते. अडीच टक्क्यांचे घेतले तरी काम होते. जास्त टक्क्यांचे घेतल्याने गुण तेवढा वाढत नाही, आग वाढते. "जहाल तेवढे चांगले" ही आपली फवारणीतली खोड इथे चालणार नाही. एक घरगुती सूचना: याने कपड्याचा रंग उडतो. नवी उशी, ठेवणीतली साडी, रंगीत टॉवेल यांना लागू देऊ नये. आणि ट्यूब खिडकीतल्या उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये, गार जागी ठेवावी.

अॅडापलीन हे ट्रेटिनॉइनच्या कुळातील, पण त्याहून सौम्य. ते नळीतले बूचच होऊ देत नाही. रात्री तोंड धुऊन कोरडे झाल्यावर वाटाण्याएवढे घ्यायचे व सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचे, डोळ्यांच्या व ओठांच्या कडा सोडून. फक्त पुटकुळीवर टिकली लावल्यासारखे लावून उपयोग नाही. उद्याची पुटकुळी आज न दिसणाऱ्या जागी असते. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, सुटते, कधी पुटकुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. इथेच आपली माणसे औषध फेकतात. सुरुवातीला एक दिवसाआड लावावे, वर साधे ओलावा देणारे क्रीम लावावे आणि टिकून राहावे. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. नाचणी पेरल्यापासून कापणीपर्यंत तुम्ही त्याहून अधिक थांबता आणि रोज उकरून पाहात नाही. गरोदर बाईने किंवा दिवस जाण्याची शक्यता असणाऱ्या बाईने हे लावू नये. तिच्यासाठी अॅझेलेइक अॅसिडचे मलम आहे. ते गरोदरपणात चालते, आणि पुटकुळी गेल्यावर आपल्या सावळ्या कातडीवर मागे राहणारे काळे डागही त्याने हळूहळू फिके होतात. या औषधांनी ऊन जास्त लागते, म्हणून शेतात जाताना डोक्याला मोठ्या काठाची टोपी किंवा पदर हवा, जमल्यास उन्हापासून बचाव करणारे क्रीमही.

पू भरलेल्या लाल पुटकुळ्या पुष्कळ असतील तर डॉक्टर प्रतिजैविक देतात: लावायला क्लिंडामायसिन, पोटात घ्यायला डॉक्सिसायक्लिन. येथे कोबी लावणाऱ्यांनी लक्ष द्यावे. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी तुम्हांला ठाऊक आहे. एकच औषध हंगामामागून हंगाम फवारत राहिले आणि शेवटी अळी त्या औषधाला जुमानेनाशी झाली. चेहऱ्यावरचे जंतू तसेच वागतात. म्हणून क्लिंडामायसिन एकटे महिनोन्महिने लावू नये; त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड असले की जंतू सहसा निर्ढावत नाहीत. पोटातल्या गोळ्याही साधारण तीन महिन्यांपलीकडे ओढू नयेत, आणि संपल्यावर रात्रीचे अॅडापलीन चालू ठेवावे. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे व लगेच आडवे होऊ नये, नाहीतर गोळी घशाखाली अडकून अन्ननलिका भाजते. ते घेऊन भर उन्हात लावणी केल्यास कातडी करपते. गरोदर बायांना व लहान मुलांना ते देत नाहीत. भावाची उरलेली गोळी बहिणीने घेऊ नये, हे यात आलेच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. पुटकुळ्या जबड्याच्या कडेने व हनुवटीवर येत असतील, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर नुसते मलम पुरत नाही. अंडाशयाची व संप्रेरकांची तपासणी हवी. "लग्न झाले की ठीक होईल" हे औषध नव्हे.

काही पुटकुळ्या आपणच ओढवून घेतो. कपाळावर ओघळेल एवढे खोबरेल तेल केसांना चोपडणे, यंत्राच्या ग्रीसने माखलेले कपडे दिवसभर अंगावर ठेवणे, घामेजलेला तोच स्कार्फ चार दिवस बांधणे. गावात "ताकदीचे इंजेक्शन" म्हणून बी-१२ टोचून घेण्याची हौस आहे. गरज नसताना भारंभार घेतल्यास काहींच्या चेहऱ्यावर एकाएकी सारख्या आकाराच्या पुटकुळ्या उठतात. तालमीत जाणारी काही मुले शरीर फुगवण्याची इंजेक्शने घेतात, त्यांच्या पाठी बघा. क्षयाच्या औषधांनीही कधी पुटकुळ्या येतात, पण त्यासाठी क्षयाचे औषध कोणी आपल्या मनाने बंद करू नये. ते जिवाशी खेळणे होईल. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावून भाजून घेतलेली मुले सिस्टरांनी पाहिली आहेत. हळद लावायची तर लावा, फार तर पिवळे दिसाल.

आता सर्वांत मोठे औषध, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. खोल गाठी, खड्डे पाडणाऱ्या पुटकुळ्या, किंवा बाकी सगळे करून थकलेला रुग्ण यांच्यासाठी हे आहे. अमेरिकेत १९८२ साली त्याला मान्यता मिळाली, आणि तोवर ज्यांच्यापुढे उपाय नव्हता अशांचे चेहरे त्याने बरे केले. तैलग्रंथी त्याने आकसतात. मात्रा वजनावर असते, तुमच्या एकरी मात्रेसारखी: सगळ्या उपचारात मिळून दर किलोला साधारण १२० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या मुलीला एकूण ६००० मिलिग्रॅम. रोज ४० घेतले तर १५० दिवस, रोज २० घेतले तर ३००. अमुक दिवस कशाला, हा हिशेब असा असतो. जेवणाबरोबर घ्यायचे, ओठ फुटतात, यकृताची व चरबीची रक्ततपासणी करावी लागते. मन फार उदास होऊ लागले तर घरच्यांनी ओळखून डॉक्टरांना कळवावे. घेत असताना व नंतर एक महिना रक्तदान करता येत नाही; आपल्या रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे.

आणि या गोळीचा एक धोका असा आहे की तो मी मोठ्याने सांगितला पाहिजे. गोळ्या चालू असताना दिवस गेले तर पोटातल्या बाळाचा मेंदू, हृदय, कान, चेहरा यांत भयंकर व्यंग येऊ शकते. म्हणून डॉक्टर मुलीला गोळी देण्याआधी गरोदरपणाची तपासणी करायला सांगतात आणि बंद केल्यावरही महिनाभर दिवस जाऊ देऊ नका म्हणतात. आपल्या एका घरातील बाप यावरून डॉक्टरांच्या खोलीतून उठून आला: "माझ्या कुमारी मुलीला असे विचारतात!" मी त्याला म्हणालो, डॉक्टरांनी तुझ्या मुलीचा अपमान केला नाही, जे बाळ अजून नाही त्याचीही काळजी घेतली. न विचारता गोळी देणाऱ्या डॉक्टरला मी घाबरेन. विवाहित स्त्रियांना डॉक्टर कुटुंबनियोजनाची साधने सुचवतात. तिथे आपल्या श्रद्धेचा प्रश्न येतो हे मला माहीत आहे. त्यासाठी नवराबायकोने मिळून माझ्याकडे यावे, लाजू नये. पण डॉक्टरांपाशी खोटे बोलू नये, आणि निश्चय पक्का नसेल तर ही गोळी घेऊच नये. दुसरी औषधे आहेत. लग्न ठरले असेल तर तारीख डॉक्टरांना आधी सांगावी. आपल्याकडे साखरपुडा आणि लग्न यांत कधी महिन्याचेच अंतर असते, आणि या गोळीला ते पुरत नाही.

तरीही, या गोळीला भिऊन खोल गाठींचा मुलगा तसाच ठेवणे मला पटत नाही. नियम पाळून दिलेले जहाल औषध हे नियम मोडून दिलेल्या सौम्य दिसणाऱ्या ट्यूबहून कितीतरी सुरक्षित असते.

त्या नवरीचे काय झाले ते विचाराल. लग्न ठरल्या दिवशीच झाले. तज्ज्ञांनी स्टेरॉईड बेताबेताने सोडवले, कारण एकदम सोडले असते तर चेहरा आणखी पेटला असता. पहिले दोन महिने फार वाईट गेले. सासूने तिला चुलीपासून दूर ठेवले, दुपारच्या कापणीला नेले नाही, हे मला कौतुकाने नमूद केले पाहिजे. आता आग पुष्कळ कमी आहे. गालांवरच्या लाल शिरा अजून आहेत. त्या पुरत्या जातील असे डॉक्टर म्हणत नाहीत.

तेव्हा माझी एक विनंती. येत्या रविवारी मिस्सानंतर सिस्टर दवाखान्याच्या पडवीत बसणार आहेत, मीही असेन. घरात चेहऱ्याला लावायच्या जेवढ्या ट्यूब असतील, अर्ध्या, सुकलेल्या, गोरेपणाच्या, पुरुषांच्या दाढीच्या पेटीतल्या, सगळ्या घेऊन या. नाव वाचून सांगू. ज्यात स्टेरॉईड निघेल आणि जी रोज लावली जात असेल ती त्याच क्षणी बंद करायला सांगणार नाही. डॉक्टरांकडे जायचा दिवस ठरवून देऊ. मोठे भिंग मी आणतो आहे, कारण नेमके तेच नाव फार बारीक अक्षरांत छापलेले असते.

आपला,
धर्मगुरू